हिरडी, नेहमीसारखी

३ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तुम्ही ते पंधरा दिवस न फोडता कपाटावर टाकलं असतं, म्हणून लॅबचं छापील लेबल चिकटवलं. तुम्हाला वाटलं असेल, कुणाच्या तरी दाताची कॅप चुकून आपल्या पत्त्यावर आली. कॅप नाही, वहिनी आहे. आता फोडलंच आहे तर वाचा.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता आणि त्या ‘हं’च्या पुढे मला जाता येत नाही. कागद निदान मध्येच ‘हं’ म्हणत नाही.

बातमी अशी की आपल्या लॅबमधून दाताची पहिली खुंटी बाहेर बनायला गेली. हो, बाहेर. ज्या शब्दावरून तीन वर्षांपूर्वी तुम्ही आणि तुमचे दादा भट्टीसमोर उभे राहून एकमेकांना नको ते बोललात, आणि तुम्ही एप्रन काढून खुर्चीवर फेकून चालते झालात, तेच ‘बाहेर’. आणि पाठवणारी कोण, तर मी. हसू आलं तर हसून घ्या. माझं सकाळपासून हे असं चाललंय, हात मॉडेलच्या प्लास्टरमध्ये आणि लक्ष दाराकडे. जणू आज पाठवलेलं आजच परत येणार आहे.

झालं काय, हे गेल्यापासून चौदा महिने आपल्याकडे खुंट्या ओतणारा हातच नाही. मी जबड्यांची मॉडेलं ओतते, पॉलिश करते. आपले कारागीर काका फक्त पोर्सेलिनचे, ते भट्टीकडे पाठ करून बसतात. इम्प्लांटची केस आली की मी काहीतरी कारण सांगून परत करायची. शेवटी गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई स्वतः जिना चढून आल्या. आपलं अर्ध्याहून जास्त काम त्यांचं, तुम्हाला माहीतच आहे. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

“ताई, स्पष्ट बोलते. एक केस देते. अबटमेंट, म्हणजे तुमची खुंटी, बाहेरच्या केंद्राकडून डिझाइन करून, मशीनवर कापून मागवा. कॅप काका चढवतील. नीट बसली तर माझी इम्प्लांटची सगळी कामं तुमची.”

“आणि नाही बसली तर?”

“मग मोठ्या लॅबला देईन. आणि दोन ठिकाणी माणूस कुठे पाठवू? बाकीची कामंही तिकडेच जातील.”

जागेचा करार मार्चअखेर संपतो. सही करायची की कुलूप लावायचं, हे या एका दातावर आलं आहे. काका म्हणाले, “अख्खी लॅब एका दातावर उभी राहणार? बरं आहे. मग लॅबलाच इम्प्लांट बसवू.” तुम्ही गेल्यापासून त्यांचे विनोद सुधारलेले नाहीत.

दात आहे पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंचा. वरचा, अगदी समोरचा. कुणा शिकाऊची टाच लागून गेला. इम्प्लांटचा स्क्रू हाडात पक्का बसलाय, आता त्यावर खुंटी आणि खुंटीवर कॅप. बाईंचं दुःख वेगळंच. शिट्टी दातात धरता येत नाही, नुसती हवा जाते आणि मुलं पाण्यात खिदळतात. पुढच्या महिन्यात त्यांच्या स्पर्धा आहेत. आम्ही त्यांना शिट्टीबाई म्हणायला लागलो आहोत.

मॉडेल मी ओतलं. गुलाबी रबराची हिरडी बसवली. खुंटी जिथून वर येते तिथे ब्लेडने खरवडून वाटी केली, म्हणजे खऱ्या दातासारखा घेर येईल. अगदी तुमच्यासारखी. तुमच्या खांद्यावरून बघून बघून शिकले, तुम्हाला कळलंही नसेल. मग केंद्राचा फॉर्म भरला. दोन पानी, बारीक अक्षरात. मी शाळा अर्धी सोडलेली बाई, पण छापलेलं काही समोर आलं की वाचल्याशिवाय सोडत नाही, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. तरी एका रकान्याशी अडले. ‘हिरडीवर दाब: नाही, हलका, मध्यम, जास्त.’ मध्यमवर खूण केली. मधलं सहसा चुकत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या टेबलावर आता मी बसते. तुम्ही डावरे, तुमचा दिवा उजवीकडे. माझ्या हाताची सावली नेमकी कामावर पडायची, म्हणून दिवा डावीकडे घेतला. टेबल तेच आहे. यांचा भिंगाचा चष्मा मी वापरते, पण त्याच्या दोन भिंगांतलं अंतर यांच्या डोळ्यांचं आहे, आणि ते बदलायला मन होत नाही. एक डोळा मिटून बघते. दिसतं.

तुम्ही आता चष्म्याच्या दुकानात काचा घासता असं कळलं. हात चालू आहे हे ऐकून बरं वाटलं.

वहिनी


७ फेब्रुवारी

भाऊजी,

आज फोनवर चित्र आलं. चित्र म्हणजे काय सांगू, हिरडीतून खुंटी उगवलेली आणि बोट फिरवलं की सगळं फिरतं. आतून बघा, खालून बघा, हिरडी पुसून टाका, परत आणा. मी अर्धा तास तो दात फिरवत बसले. काका म्हणाले, “चक्कर येईल त्याला.”

केंद्रातल्या मुलीचा फोन आला. आवाज असा कोवळा की वाटलं शाळेतून आली आणि दप्तर न काढता बसली.

“मावशी, डिझाइन पसंत आहे का? ओके दिलं की लगेच मशीनवर लावते.”

“खुंटी छान दिसतेय.”

“कोण दिसतंय?”

“खुंटी. अबटमेंट, बाई. आमच्याकडे खुंटी म्हणतात. हाडात स्क्रू, स्क्रूवर खुंटी, खुंटीवर टोपी.”

ती इतकी हसली की तिच्या शेजारच्यांनी कारण विचारलं, तेही मला ऐकू आलं. मी ओके दिलं. इतक्या वर्षांत मला कुणी माझी पसंती विचारून धातू कापला नव्हता.

यांना हे फिरणारं चित्र दाखवलं असतं तर आधी म्हणाले असते, खेळणं आहे. आणि मग फोन माझ्या हातातून काढून घेतला असता.

वहिनी


१२ फेब्रुवारी

आली. मुठीत मावेल एवढी डबी, आत फोम, फोममध्ये खाच आणि खाचेत ती. भाऊजी, ओतलेल्या खुंटीवर कितीही पॉलिश केलं तरी कुठेतरी आपल्या हाताची घाई दिसते. हिच्यावर काही नाही. मॉडेलवर ठेवली तर ‘टक्’ झालं आणि बसली. स्क्रू दोन बोटांनी फिरला. रबराची हिरडी किंचित सरकली आणि तिला मिठी मारून बसली.

काकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मी श्वास धरून. शेवटी म्हणाले, “हं.”

काकांचं ‘हं’ तुमच्यासारखं नाही. त्यांचं म्हणजे शंभरपैकी शंभर. लगेच कॅपला बसले, रंग तीनदा बदलला.

भट्टीजवळून जाताना यांना मनातल्या मनात म्हटलं, बघा, काही बिघडलं नाही. आज रडायचं नाही असं ठरवलंय. एकोणीसला बसवणार. मी स्वतः जाणार आहे.


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

बसली नाही.

मॉडेलवर टक् करून बसलेली खुंटी तोंडात अर्ध्यावर अडली. हिरडी पांढरीफटक पडली आणि पांढरीच राहिली. शिट्टीबाईंनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की मीच म्हटलं, काढा. एक्स-रेमध्ये खाली फट दिसली. खुंटी सगळ्या बाजूंनी जाड, अर्धा अर्धा मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे आपल्या धंद्यात केवढा, ते तुम्हाला सांगायला नको.

दवाखान्याच्या पायरीवरूनच त्या मुलीला फोन लावला आणि काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटचं एवढं आठवतं: “बाहेरचं ते बाहेरचंच.” आवाज माझा होता, वाक्य यांचं. भट्टीसमोर तुम्हाला म्हणाले होते तेच, त्याच चालीत.

मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मला वाटलं, आता निकाल. त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या, एप्रनसकट.

“ताई, एक सांगू? तुमच्या मिस्टरांनी पण एकदा बाहेरून करून घेतली होती. तेव्हाही अगदी असंच झालं. अडली, पांढरी पडली.”

“कधी?”

“झाली की तीन वर्षं. घरी सांगू नका म्हणाले होते.”

त्यांनी मला पंधरा दिवसांची मुदत दिली, ती मी मागितली नव्हती.


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

हे पत्र उभ्याने वाचू नका. दुकानात गिऱ्हाईक असेल तर त्याला जाऊ द्या आणि मग बसा.

काल सकाळी यांचं टेबल पहिल्यांदा नीट उघडलं. चौदा महिने मी त्याचा फक्त वरचा खण वापरत होते. खालच्या खणात, दातांच्या जुन्या रंगपट्ट्यांच्या मागे, तशीच डबी. फोम, खाच, खुंटी. सोबत मॉडेल, रुमालात गुंडाळलेलं. आणि फॉर्मची प्रत, यांच्या अक्षरात. कुरिअरच्या चिठ्ठीवरची तारीख बघितली आणि बोटांवर मोजलं. तुम्ही एप्रन फेकून गेलात त्याला अकरा दिवस झाले होते.

अकरा दिवस, भाऊजी. त्यांनी तुमचं ऐकलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही, पण ऐकलं.

फॉर्मवर बाकीचे रकाने बरोबर भरलेले. हिरडीपुढे मात्र कुठल्याच चौकोनात खूण नाही. लिहिलंय: ‘नेहमीसारखी.’

मला हसू आलं आणि मग आलं नाही. आपल्या लॅबमध्ये सगळं त्या एका शब्दावर चालायचं. ‘रंग?’ ‘नेहमीसारखा.’ ‘हिरडी?’ ‘नेहमीसारखी.’ आपल्याला कळायचं. तिकडे कुठल्या तरी खोलीत बसलेल्या परक्या माणसाला काय कळणार? त्याने बापड्याने त्यांच्याकडचं नेहमीचं केलं असणार.

मग दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवली, त्यांचं आणि माझं. दिवा खाली ओढला. यांचा चष्मा लावला, आणि घाईत कधी त्याचा स्क्रू फिरवून अंतर माझ्या डोळ्यांचं केलं ते मलाच कळलं नाही. दोन्ही डोळ्यांनी बघितलं. दोन्ही हिरड्यांना वाटी. सारखीच खोल, सारखीच गोल. माझ्या वाटीतले ब्लेडचे ओरखडे उजवीकडे कललेले. त्यांच्या मॉडेलवरचे डावीकडे.

डावीकडे कोणाचे कलतात, ते तुम्हाला सांगू?

ते मॉडेल तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या टेबलावर होतं. वाटी करून झाली होती, मेण चढवायचं बाकी होतं. यांनी तेच उचललं आणि तसंच पाठवलं.

त्या मुलीला पुन्हा फोन लावला. आधी माफी मागितली. ती म्हणाली, “असू दे मावशी, रोज एक तरी ओरडतंच.” मग मी विचारलं, “हिरडी किती ढकलायची हे तुम्ही कशावरून ठरवता?”

“मॉडेलवर असते तीच हिरडी आम्ही खरी धरतो. तिच्याबाहेर तुम्ही लिहाल तेवढा घेर वाढवतो. तुम्ही मध्यम लिहिलं होतं.”

“आणि काहीच लिहिलं नसेल तर?”

“तरी मध्यमच. आमच्याकडे नेहमी तेच असतं.”

“आणि मॉडेलवरची हिरडी आधीच खरवडलेली असली तर?”

“खरवडलेली म्हणजे? हिरडी कोण खरवडतं, मावशी?”

आम्ही, म्हटलं. आम्ही खरवडतो. वीस वर्षं खरवडतोय.

कळलं ना? घरी ओतायचो तेव्हा ती वाटीच खुंटीचं माप होती. बाहेर पाठवल्यावर ती वाटी त्यांना खरी हिरडी वाटली, आणि तिच्यापुढे त्यांनी आणखी ढकललं. एकच काम दोनदा झालं. मॉडेलवरचं रबर बिचारं सरकतं, माणसाची हिरडी तेवढी सरकत नाही.

मी टाळी वाजवली, एकटीच. काका दचकले, त्यांच्या ब्रशावरचं पोर्सेलिन खाली पडलं. त्यांना समजावून सांगितलं तर कपाळावर हात मारून म्हणाले, “म्हणजे धाकट्याच्या ब्लेडने धाकट्याचंच म्हणणं खोटं पाडलं, आणि थोरल्याला वाटलं आपण जिंकलो.”

तेवढंच मला आता सलतंय. हे जिंकलो असं समजून गेले. पण जिंकलेला माणूस डबी रुमालात गुंडाळून ठेवत नाही. खरं असेल ते असो. मला हे त्यांना सांगायचं होतं. संध्याकाळी कुलूप लावताना तोंड उघडलंही होतं. मग घरी येऊन तुम्हाला लिहायला घेतलं.

आणि एवढं लिहिलंच आहे तर ते एक लिहिते. चार पत्रांत त्याच्या कडेकडेने गेले.

हे हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तुम्ही फोन केला होता. मी उचलला. झोपलेत, म्हटलं. झोपले नव्हते. उशीला टेकून बसले होते, माझ्याकडेच बघत होते. फोन ठेवल्यावर विचारलं, “कोण?” मी म्हटलं, “कुरिअरवाला.” म्हणाले, “मग घ्यायचं ना. दारातून परत कशाला पाठवलंस?”

मला तुमचा राग होता. तुम्ही गेल्यावर ते रात्रंदिवस भट्टीशी उभे राहिले, त्यातच खचले, असं मी मनात धरून बसले होते. आणि नंतर लोकांना सांगितलं की सख्ख्या भावाने साधा फोन केला नाही. तुमच्यापर्यंत ते आलं असणार. ते खोटं होतं आणि मी बोलले होते.

यापुढे काय लिहायचं असतं ते मला माहीत नाही. यांची डबी सोबत पाठवते, मॉडेलसकट. ओरखडे तुमचे तुम्ही बघा.

वहिनी


६ मार्च

भाऊजी,

बसली, बसली, बसली.

डॉक्टरीणबाईंनी नवं माप घेतलं. मी नवी हिरडी ओतली आणि ब्लेड खणात टाकून खणाला किल्ली लावली, कारण हाताचा भरवसा नाही, तो आपोआप खरवडायला जातो. फॉर्मवर ‘हलका’वर खूण केली आणि खाली मोकळ्या जागेत लिहिलं: ‘हिरडीला हात लावलेला नाही. पेशंटच्या तोंडात आहे तशीच आहे. समोरचा दात आहे, बाई शिट्टी वाजवतात, घाबरलेल्या आहेत, सांभाळून.’ त्या मुलीचा फोन आला, “मावशी, असा फॉर्म आजवर कुणी भरला नाही. आमच्या सरांनी भिंतीवर लावलाय.”

आज सकाळी बसवली. हिरडी पांढरी पडली. डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे, मी हिरडीकडे. एक मिनिट, दोन, तीन. चौथ्या मिनिटाला कडेने गुलाबी यायला लागली, गालावर लाली चढते तशी, आणि पाचव्याला सगळी भरून आली. एक्स-रेत फट नाही. काकांची कॅप चढवली, तर शेजारच्या खऱ्या दातापेक्षा तीच खरी वाटत होती.

शिट्टीबाईंनी आरशात बघितलंसुद्धा नाही. पर्समधून शिट्टी काढली आणि डॉक्टरीणबाई “आज नको” म्हणेपर्यंत वाजवून मोकळ्या झाल्या. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून उभे राहिले. एक तर निघूनच गेला.

येताना चार केसेस हातात घेऊन आले. दुपारी करारावर सही केली. काकांना सांगितलं तर म्हणाले, “मग मला नवीन ब्रश लागतील.” एवढंच, आणि नंतर बराच वेळ नळाशी तोंड धूत राहिले.

तुमचं कार्ड परवा मिळालं. एकवीस तारखेच्या चार पानांना तुमचं उत्तर एका ओळीचं: ‘पत्रं आणि डबी पोचली. बाकी सगळं नेहमीसारखं.’

भाऊजी, एवढं सगळं झाल्यावर पुन्हा तोच शब्द? मी आता परकी आहे असं समजून लिहा. मला तुमच्याकडचं नेहमीचं माहीत नाही. जेवता कुठे, झोप लागते का, डबी उघडलीत की तशीच ठेवलीत, माझा राग आला तो किती. चौकोन आखून हवे असतील तर आखून पाठवते: नाही, हलका, मध्यम, जास्त. फक्त मध्यमवर उगाच खूण करू नका.

आणि कामाचं. ती फिरणारी चित्रं मला निम्मीच कळतात. सुंदर आहे एवढं कळतं, बरोबर आहे का ते कळत नाही. ते बघणारा डोळा आपल्याकडे एकाचाच होता, आणि त्याने हे सगळं तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आठवड्यातून दोन दिवस आलात तरी चालेल. यांच्या चष्म्याचं अंतर मी अंदाजाने लावलंय, तेही तुम्ही नीट मोजून द्या, आता तुमचं कामच ते आहे.

काल तुमचं टेबल पुसलं आणि दिवा परत उजवीकडे सरकवला. हे पत्र तिथेच बसून लिहितेय. माझ्या हाताची सावली प्रत्येक ओळीवर पडतेय, अक्षर वाकडं दिसलं तर त्यामुळे. मी दिवा हलवणार नाही.

वहिनी